लाल अंगठ्याचे मामा

आधीच माफी मागून ठेवते. 'मनात राहिलेलं माणूस' ह्या विषयावर कॉलेजच्या वार्षिकांकासाठी कोण लिहील, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी हात वर केला, आणि तो खाली घेतल्यापासून घाबरलेली आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. लिहिणाऱ्यांच्या घरात पुस्तकं असतात, आमच्या घरात कोयते असायचे. शिवाय ज्यांच्यावर लिहिते आहे ते माझे सख्खे कुणी नाहीत. त्यांच्यावर लिहायचा खरा हक्क कोमलचा, त्यांच्या लेकीचा. तिला म्हटलं तर ती म्हणाली, "तूच लिही बाई. मला इंजेक्शन द्यायला सांग, कुणालाही देते. हे मला नाही जमायचं." म्हणून मी लिहिते. मला एकच धीर आहे. मला नीट लिहिता येत नाही आणि मामांना मुळीच वाचता येत नाही, म्हणजे आम्ही बरोबरीत आहोत.

अजून एक सांगायला हवं. हा लेख लिहायला बसले त्या दिवशी मामा कुठे आहेत हे मला ठाऊक नव्हतं, कोमललाही नव्हतं. संक्रांतीपासून त्यांचा फोन बंद होता.

कोमलच्या वडिलांना सगळं गाव मामाच म्हणायचं. मामांचा उजवा अंगठा कायम लाल असायचा. ते मेंढरं राखायचे. एका कळपात दुसऱ्याची मेंढी मिसळली तर ओळखू यावी म्हणून प्रत्येक मेंढपाळाची एक खूण असते. मामांची खूण म्हणजे मानेवर ओढलेला अंगठा. काव, म्हणजे लाल मातीचा रंग, तेलात कालवून ते एका पत्र्याच्या डबीत ठेवायचे आणि डबी बंडीच्या खिशात. रंग नखात मुरला होता, घासून जायचा नाही. शाळेच्या पालक सभेत सह्या घ्यायची वेळ आली की सर अंगठेवाल्यांसाठी शाईचा पॅड पुढे करायचे. मामा तो मागे सारायचे. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. माझी शाई माझ्यासंगं हाय."

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, मेंढपाळ मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडे निघतात, आणि शाळेतले बाक मोकळे पडतात. मामाही दरसाल भावांबरोबर जायचे. कोमल दुसरीत असताना तिची आई तापाने गेली. तेराव्यानंतर भावकीने दोन सल्ले दिले. एक, दुसरं लग्न कर. दोन, पोरीला शाळेतून काढ आणि कळपामागं घे. मामांनी दोन्ही ऐकून घेतले आणि दोन्ही सोडून दिले. निम्मी मेंढरं विकली, आणि उरलेल्यांसाठी एक नियम केला. शाळेची घंटा ऐकू येईल तिथवरच चारायचं, आणि त्याच हद्दीतल्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं रात्रभर बसली की शेताला खत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतात. लांबचे लोक जास्त धान्य द्यायला तयार असायचे. मामा म्हणायचे, "तुमचं रान चांगलं हाय मालक, पर तिथं घंटा येत न्हाई."

लोकांना ह्याचं हसू यायचं. पारावरून जाताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मामा, यंदा कितवीत हाव?"

"सातवीत," मामा चालता चालता सांगायचे. "पोरगी हुशार हाय, म्हनून मी बी पुढं चाललोय."

हे ते थट्टेनं म्हणायचे, पण ते खोटं नव्हतं. रोज संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कुंपणात, कोंडली की मामा चुलीपुढे बसायचे. एका हाताने भाकरी थापायची आणि दिवसभरात शाळेत शिकवलेला धडा कोमलने त्यांना सांगायचा. वाचून नाही, सांगून. मीही तिथे असायचे, कारण माझी माय तिच्या सख्ख्या भावाबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची, बाप मला आठवत नाही, आणि घरात आजीला ऐकू कमी यायचं. धडा सांगून झाला की मामा विचार करायचे. पटला तर डबी उघडायची आणि पुस्तकाच्या त्या पानाच्या कोपऱ्यावर अंगठा. "आला कळपात," असं म्हणायचे. नाही पटला तर भाकरी उलटत म्हणायचे, "मला कळलं न्हाई म्हंजी तुला बी कळलं न्हाई. पुन्यांदा सांग."

एकदा इतिहासातल्या लढाईचा धडा होता. कोमलने जोरात सांगितला. किल्ल्याला वेढा पडला, इतके महिने चालला, शेवटी शत्रू पळाला. मामा म्हणाले, "घोडी किती होती?"

"लई होती दादा. हजारो."

"आन वैरण?"

"वैरणीचं पुस्तकात न्हाई."

"हजार घोडी महिनोन्महिने उभी ऱ्हायली आन वैरणीचं न्हाई? कुनी आनली, कुठून आनली?"

दुसऱ्या दिवशी कोमलने सरांना विचारलं. सर म्हणाले, अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला येणार नाही. संध्याकाळी तो निरोप मामांना कळला. त्यांनी त्या पानावर नुसतं अंगठ्याचं टोक टेकवलं. "अर्धाच धडा हाय. अर्धीच खूण." कोमलचं ते पुस्तक अजून आहे. त्यात एवढ्या एकाच पानावर अर्धा अंगठा आहे.

सरकारी पुस्तकं वर्षाखेर परत द्यायची असायची, त्यामुळे कोमलने ह्या डागांसाठी बोलणी खाल्ली, आणि डागाळलेली पुस्तकं शाळेने परत न घेता तिलाच ठेवायला दिली. पण सगळ्यांत मोठा प्रसंग आठवीतला. चाचणीचे पेपर दाखवायला गणिताच्या सरांनी पालकांना बोलावलं होतं. आले होते चारदोन जण. मामांनी नेहमीसारखी काठी दाराबाहेर आडवी ठेवली, "आत आनली तर लेकरं भ्यातील," घोंगडं काखेत घेतलं आणि शेवटच्या बाकावर बसले. बाक लहान, मामा उंच. गुडघे छातीशी आले होते. सरांनी कोमलचा पेपर त्यांच्या हातात दिला.

पानभर लाल खुणा होत्या. मामांचा चेहरा असा उजळला की मला तो आत्ताही दिसतो. त्यांनी पेपर सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "बगा, गुरुजींनी एक बी सोडलं न्हाई! समदं कळपात!"

वर्ग हसला. कोमलने मान इतकी खाली घातली की वेण्या बाकाला लागल्या. सर हसले नाहीत. ते हळू म्हणाले, "मामा, ह्या फुल्या आहेत. फुली म्हणजे चुकलंय."

मामांनी पेपर खाली घेतला. एकेका फुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चुकलेल्याला खूण करता? कावून?"

"मग काय करावं?"

"आमी खूण आपल्या मेंढराला करतो गुरुजी. जे हरवलं त्याला खूण कशी करावी?"

सर त्यांच्या शेजारी बाकावर टेकले. "हरवलंय कुठं ते दावलं न्हाई, तर हुडकनार कसं मामा?" सरही आमच्याच भागातले. मनापासून बोलायला लागले की पुस्तकी भाषा सुटायची.

मामांनी मान हलवली. "त्ये बी खरं हाय." मग उठले, पेपर घडी करून बंडीत ठेवला आणि कोमलला म्हणाले, "चल बाय, हुडकाय जाऊ."

त्या आठवड्यात ते रोज एक एक फुली घेऊन बसले. मामांना गणित येत नव्हतं, पण कुठे कोमल अडखळते ते त्यांना तिच्या आवाजावरून कळायचं. "हितं थांबलीस. हितंच कायतरी पडलंय. उद्या गुरुजीला इचार." कोमल विचारून यायची, मामांना सांगायची, आणि ज्या फुलीचं उत्तर दोघांना पटलं त्या फुलीवर अंगठा पडायचा. शेवटी त्या पेपरवर सरांचं लाल कमी आणि मामांचं लाल जास्त दिसायला लागलं. सरांनी तो पेपर कोमलकडून मागून घेतला. कशाला ते सांगितलं नाही.

माझ्या मायला पालक सभा माहीत नव्हती. तिच्या डोक्यात शाळा म्हणजे लेकरू टाकायची जागा. नववीत मामांनी तिला फोन लावायला लावला. सभा चालू असताना, भर वर्गात. रेंज फक्त खिडकीपाशी यायची, म्हणून मामा खिडकीत उभे राहिले आणि त्यांचा छोटा बटनाचा फोन आवाज मोठा करून हात वर धरून राहिले, छत्री धरावी तसे. फोनमधून आधी उसाच्या पाल्याची सळसळ आली. मग माय.

"हालो. सर, मी शीतलची माय बोलायली. पोरगी नीट बसती का?"

"बसते," सर म्हणाले. "पण बोलत नाही. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही."

माय म्हणाली, "सर, फडात बोललं की मुकादम वरडतो. आमाला गप ऱ्हायची सवय हाय. ती माझ्यावर गेली. तिला तुमी बोलाय लावा."

"बोलंल, बोलंल," मामा खिडकीतून म्हणाले. "माझ्यापुढं लई बोलती. परवा मलाच म्हनली, मामा तुमचं चुकलं."

सगळे हसले, मायसुद्धा. फोनमधून मायचं हसणं ऐकलं तेव्हा मला एकदम जाणवलं की तिचं हसणं मी दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकते आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. माय घाईने म्हणाली, "ठिवते. भाऊ, माझ्या वतीनं अंगठा लावा." माय मामांना भाऊ म्हणायची.

मामांनी रजिस्टरवर कोमलच्या नावापुढे अंगठा लावला आणि मग माझ्या नावापुढे. सर म्हणाले, दुसऱ्याच्या पाल्यासाठी लावता येत नाही. मामा म्हणाले, "तुमी आताच आईकलं की तिचं, गुरुजी. ती हजर हाय. अंगठा तेवढा माझा." सरांनी रजिस्टर मिटलं. तेव्हापासून प्रत्येक सभेला माझ्या नावापुढे लाल अंगठा आहे. फोन उसातून येत राहिला आणि मामांचा हात खिडकीत वर राहिला. मी वर्गात बोलायला कधी लागले ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण ते त्या सभेनंतरच.

आम्ही दहावीत गेलो ते साल कोरडं गेलं. दसऱ्यालाच ओढा आटला. घंटेच्या हद्दीत गवताची काडी उरली नाही. मामांच्या मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येतील अशा झाल्या, दोन कोकरं मेली. तेव्हा मामांचे थोरले भाऊ आले. मी आणि कोमल चुलीपाशी होतो. आमच्यासमोरच बोलणं झालं.

"घंटा खाऊ घालनार हाईस का मेंढराला?" ते म्हणाले.

मामांनी चुलीत काटकी सारली.

"पोरगी पंधराची झाली. घरात बाईमानूस न्हाई. स्थळ चांगलं हाय, पोराचा कळप मोठा हाय. उरकून टाक आन चल आमच्यासंगं."

"तिची परीक्षा मार्चात हाय," मामा म्हणाले.

"मग परीक्षा झाल्यावर उरकू."

"तवा बी तिची कंची तरी परीक्षा असंल."

भाऊ उठले, चहा तसाच ठेवून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस दोघे भाऊ बोलत नव्हते. कोमल रात्रभर जागी होती हे मला नंतर कळलं. मला एवढंच आठवतं की सकाळी शाळेत आली तेव्हा तिने पहिल्या तासाला तीन वेळा हात वर केला.

पण गवत नव्हतं ते नव्हतंच. मेंढरं गेली असती तर शाळेचं सगळंच गेलं असतं. शेवटी मामा एका सकाळी कोमलची पेटी घेऊन आमच्या घरी आले. आजीच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "बाई, पोरगी तुमच्यापाशी ठिवतो. लगीन काढलं कुनी तर म्हनायचं, बाप घरी न्हाई." मग डबी काढली, निम्मी काव एका कागदात घेतली, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"शीतल, माझा अंगठा तुझ्यापाशी ठिवतो."

आम्ही दोघी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो. मेंढरं ओढ्याच्या कोरड्या पात्रातून पलीकडे चढत होती तेव्हा शाळेची घंटा झाली. मामा थांबले. घंटा पूर्ण होईपर्यंत तसेच उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मग काठी उचलली आणि गेले. त्यांनी हद्द ओलांडली ती तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन यायचा. कुठल्यातरी टेकाडावर चढून, रेंज धरून. मागे मेंढरांचा आवाज. कोमल धडा सांगायची, मी पुस्तक धरून बसायचे. मामा म्हणायचे, "कळलं. शीतल, लाव," आणि मी अंगठा लावायचे. किंवा "न्हाई कळलं, पुन्यांदा," मग आम्ही पुन्हा. माझाही अंगठा लाल झाला. शाळेत मुलं चिडवायची, मामीण आली, मामीण आली. मला राग यायचा, आणि थोडा अभिमानही वाटायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मामांनी धडा विचारला नाही. म्हणाले, "आता कळप मोजायचा न्हाई. झोपा."

आम्ही दोघी पास झालो, बारावीलाही झालो. पुढे अंबाजोगाईला आलो, मी बीएला आणि कोमल नर्सिंगला. मामा आम्हाला सोडायला एसटीने आले. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी आमच्यासाठी भजी आणली आणि स्वतः नुसता चहा घेतला. माझ्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी उभे राहून त्यांनी क्लार्कना विचारलं, "पालक सभा कवा असती?"

"कॉलेजात पालक सभा नसते, बाबा."

मामांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "म्हंजी वरसातनं एकदाच?"

"नसतेच."

"मग लेकरांचं इचारायचं कुनाला?"

क्लार्क भले होते. हसून म्हणाले, "आता लेकरं मोठी झाली, बाबा. त्यांनाच विचारायचं." मामांनी त्यावर मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. जाताना त्यांनी कॉलेज डाव्या हाताला ठेवून पूर्ण एक फेरी मारली. मी म्हटलं, काय बघता मामा? म्हणाले, "हितं घंटा कुठं हाय?" घंटा नव्हती, भोंगा होता. गाडीत चढताना ते म्हणाले, "आता मला घंटा न्हाई. आता मी कुठं बी जाऊ शकतो." हे त्यांनी आनंदाने म्हटलं की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर ते खरंच लांब जाऊ लागले. भावांनी मेंढरं विकून टाकली होती, एकटे मामाच उरले होते. मोडक्या फोनवरून आठवड्याला एकदा फोन यायचा. कोमल इंजेक्शन, सलाईन, रक्तगट असं काहीबाही सांगायची आणि मामा म्हणायचे, "कळलं," किंवा "न्हाई कळलं." रक्तगट त्यांना लगेच कळला. "म्हंजी परतेकाची खूण येगळी," ते म्हणाले.

ह्या संक्रांतीला शेवटचा फोन आला. नंतर रोज एकच बाई सांगत राहिली, आपण डायल केलेला नंबर बंद आहे. आधी आम्ही म्हटलं, चार्जिंग नसेल. मग म्हटलं, फोन हरवला असेल. मग आम्ही एकमेकींशी काही म्हणायचं थांबवलं. एका रविवारी दोघी मांजरसुंब्याला गेलो आणि प्रत्येक ढाब्यावर विचारलं. एकजण म्हणाला, "मेंढरं रोज जात्यात ताई, कंची सांगू?" कोमलने आपला अंगठा दाखवला आणि म्हणाली, "लाल अंगठ्याचे." तो लगेच म्हणाला, "त्ये व्हय? त्ये दिवाळीच्या टायमाला गेलते हितून. चा पेले आन माझ्या पोराला बोलवून इचारलं, कितवीत हायस? पार पाडे म्हनाय लावले." पण ती दिवाळीची गोष्ट होती. त्यानंतर कुणी काही पाहिलं नव्हतं.

अशात कोमलचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. मैत्रिणींनी पेढे मागितले. कोमल म्हणाली, "आधी दादांना सांगते, मग." खोलीवर येऊन तिने निकालाचा कागद उशीखाली ठेवला. त्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात तो प्रश्न विचारला, आणि मी हात वर केला. खरं कारण सांगायचं तर मला भीती वाटत होती. वाटलं, निदान कागदावर तरी माणूस एका जागी राहील. इथपर्यंतचं सगळं मी त्या भीतीत लिहिलं आहे.

काल दुपारी आमच्या शाळेच्या गणिताच्या सरांचा फोन आला.

"शीतल, शिक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो आलाय. पाठवलाय तुला. शेवटचा बाक बघ."

लांबच्या, उसाच्या मुलखातली कुठलीतरी शाळा. पालक सभेचा फोटो. बरेचसे बाक रिकामे. दारात आडवी ठेवलेली काठी. शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला एक उंच म्हातारा माणूस, काखेत घोंगडं.

सरांनी त्या शाळेतल्या गुरुजींना आधीच फोन केला होता. नदी उतरताना मामांचा फोन पाण्यात पडला होता, नंबर कुणाचाच पाठ नव्हता. महिन्याभरापासून त्यांनी मेंढरं त्या शाळेमागच्याच रानात बसवली आहेत. पुढच्या गावचे लोक जास्त धान्य देत होते, तर म्हणाले, तिथं घंटा येत न्हाई. मधल्या सुट्टीत ऊसतोडीच्या लेकरांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि आपल्याकडची पोरं आहेत हे त्यांनी ओळखलं. सभेच्या दिवशी त्या लेकरांचं कुणी आलं नाही. मामा गेले. गुरुजींनी विचारलं, तुमचं मूल कुठल्या वर्गात? मामा म्हणाले, "माझी पोरगी शिकून लई पुढं गेली. ही आमच्या बीडची लेकरं हायती. ह्यांच्या माया फडात हायती. तुमी बोला गुरुजी, मी आईकतो." आणि शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे अंगठा लावला.

मग आमच्या सरांनी कोमलचा निकाल माझ्याकडून मागवून त्या गुरुजींच्या मोबाईलवर पाठवला. गुरुजी तो घेऊन रानात गेले आणि मामांना सांगितलं, तुमची पोरगी पास झाली, ती आता नर्स आहे. मामांनी फोन हातात घेतला आणि बघत राहिले.

"फुल्या किती हायत?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, मामा."

"पोरीचं नाव कुठं हाय?"

गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं. मामांनी बंडीतून डबी काढली, झाकण उघडलं, आणि काचेवर, बरोबर त्या नावावर, अंगठा लावला.

"फोटो काढून पाठवला असता," ते गुरुजी आमच्या सरांना म्हणाले, "पण अंगठा ज्याच्यावर आहे तोच माझा मोबाईल."

कोमल ड्युटीवर होती. मी दवाखान्यापर्यंत पळतच गेले. वॉर्डच्या दारात तिला सगळं सांगितलं, धापा टाकत, मागचं पुढं करत. तिने हातातला ट्रे खाली ठेवला, भिंतीला टेकली आणि पहिलं काय म्हणाली तर,

"त्या गुरुजींना सांग, पुसू नका."